जुन्या जीपमधली धग आणि घरघर: पत्रा उघडण्यापासून मॅट परत अंथरेपर्यंत

महिंद्राची एमएम ५४०, मेजर किंवा २०२०च्या आधीची थार नव्याने घेतलेल्यांचं पहिल्या लांबच्या प्रवासानंतरचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. टनेलला (गियरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्याला) लागून असलेला डावा पाय भाजतो आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मग बाजारातून चकचकीत फॉइलची शीट येते, एका रविवारी फ्लोअरभर चिकटवली जाते, आणि सोमवारी गाडी जवळपास तशीच वाजते. शीट खराब नसते. तिच्याकडून भलतंच काम मागितलेलं असतं.

ही कामं वेगवेगळी आहेत, एकाच मालाने होत नाहीत. पत्रा ताशासारखा थरथरतो, ते थांबवायला त्याला चिकटणारी ब्यूटाइलची, म्हणजे एका चिकट रबराची, शीट लागते. हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जड रबर. तो जड थर पत्र्याला थेट टेकला तर पत्र्याबरोबर तोही हलतो, म्हणून मध्ये मऊ फोम हवा. फ्लोअरची उष्णताही हाच फोम थोपवतो. सायलेन्सरच्या पाइपातून फेकली जाणारी धग मात्र वेगळी. ती गाडीच्या खालूनच अडवावी लागते.

आणि जीप ही काही सेडान नव्हे. तिच्यात पावसाचं पाणी येणार, चिखलाचे बूट येणार, कधी ओढा ओलांडताना फ्लोअरवर घोटाभर पाणी साचणार. म्हणून या सगळ्या कामाचा एक नियम: फ्लोअरच्या पत्र्याला कायमची चिकटवायची ती फक्त ब्यूटाइल. फ्लोअरवरचं बाकी सगळं उचलून वाळवता आलं पाहिजे. नमदा, ज्यूट, जाड गालिचा, कापसाची गादी यांतलं काहीही फ्लोअरवर नको. पाणी धरून ठेवलेल्या नमद्याखाली दोन पावसाळ्यांत फ्लोअर कुजलेल्या जीपा कोकणात कुठल्याही पत्रा-मिस्त्रीकडे बघायला मिळतील.

सामान आणण्याआधी

आधी दुरुस्ती. इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तर सगळी थरथर चॅसीत उतरते, आणि त्यावर कुठल्याच शीटचा इलाज नाही. बॉडी आणि चॅसीमधली बॉडी माउंटची रबरं बघा. चिरडून पापडासारखी झाली असतील तर बदला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट फुटलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर फट्-फट् आवाज येतो आणि जोडाजवळ काळी काजळी दिसते. हे तर आधी करायलाच हवं. एक्झॉस्टची गळती म्हणजे नुसता आवाज नाही, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येण्याची वाट आहे, आणि त्या वायूला ना रंग ना वास.

मग मोजमाप. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. पाऊण तास गाडी चालवून थांबा, मॅट उचला, आणि फ्लोअर, टनेल, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला उभा पत्रा) इथे दर वीतभर अंतरावर तापमान घेऊन तिथेच खडूने आकडा लिहा. हा नकाशा हातात आला की अर्धा माल वाचतो, कारण बहुतेक धग दोन-तीन ठिकाणांहूनच येत असते: टनेलची बाजू, फ्लोअरचा सायलेन्सरच्या वरचा भाग आणि, टर्बो असेल तर, फायरवॉलचा त्याच्याकडचा कोपरा. एक खबरदारी घ्या. चकचकीत फॉइलवर हा थर्मामीटर चक्क खोटं सांगतो, खरं तापमान असतं त्याहून बरंच कमी दाखवतो. शीट लावल्यानंतर मोजायचं असेल तर फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर नेम धरा.

आवाजासाठी मोबाइलचं डेसिबल अॅप पुरतं. आकडा अचूक नसतो, पण आधी-नंतरची तुलना करता येते. फोन तोच, जागा तीच (हेडरेस्टशेजारी), रस्ता तोच, गियर आणि वेगही तोच. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो, दहा कमी झाले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. चार-सहा डेसिबल उतरले तर काम चांगलं झालं असं समजा.

काही आवाज या कामाने जात नाहीत, हेही आत्ताच ऐकून ठेवा. ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या डब्याची) घुईं लिव्हरच्या दांड्यातून वर येते. मड-टेरेन टायरचा गुंजारव कमी होतो, संपत नाही. कॅनव्हासचं टप असेल तर सत्तरच्या पुढे वाऱ्याचाच आवाज सगळ्यांत मोठा, आणि फ्लोअरवर काहीही अंथरलं तरी त्याला फरक पडत नाही.

काय आणि किती

छोट्या व्हीलबेसच्या जीपचा फ्लोअर, टनेल, फायरवॉल आणि मागचा भाग मिळून साधारण ४ ते ५ चौरस मीटर भरतो. त्याला लागतं:

– अॅल्युमिनियम फॉइल असलेली २ मिमी ब्यूटाइल शीट, ३ चौरस मीटर
– १० मिमी नायट्राइल रबर फोम, ५ चौरस मीटर, आणि पेडलखाली घालायला ६ मिमीचा १ चौरस मीटर
– ४ मिमी भरीव रबर शीट, ३ चौरस मीटर
– फॉइल टेप, ग्रोमेटांचा (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यांचा) संच, न्यूट्रल क्युअर सिलिकॉनची एक नळी
– हाताचा छोटा रोलर, हीट गन, कटर आणि त्याची भरपूर पाती, कॉटनचे जाड हातमोजे
– वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, एपॉक्सी प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल

ब्यूटाइल कार अॅक्सेसरीच्या दुकानात मिळते, पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला. घेताना वास घ्या आणि नखाने टोचून बघा. डांबराचा वास आला तर ती ब्यूटाइल नव्हे, बिट्युमेन. ती स्वस्त असते, पण मे महिन्यात मऊ होऊन ओघळते, आणि छताला किंवा दाराला लावली तर सुटून खाली येते. छपराच्या गळतीसाठी मिळणारी फॉइलची पट्टीही याच जातीची असू शकते.

नायट्राइल फोम कार दुकानात मागाल तर महाग पडेल. एसीच्या डक्टला गुंडाळतात तोच हा काळा फोम. डक्टिंगचं सामान विकणाऱ्याकडे रोलवर मिळतो. याच्या पेशी बंद असतात, म्हणून स्पंजसारखं पाणी शोषत नाही. पांढरा पॅकिंगचा फोम चालत नाही, थर्माकोल तर नकोच: रबरी गोंदातल्या सॉल्व्हंटने तो विरघळतो आणि आग लागली तर भडकतो. कुठलाही फोम घेतला तरी त्याचा बोटभर तुकडा घराबाहेर, चिमट्यात धरून लायटरने पेटवून बघा. ज्योत काढल्यावर विझला तर घ्या, थेंब-थेंब जळत राहिला तर नको.

जड थरासाठी परदेशी मार्गदर्शक मास-लोडेड व्हिनाइल सुचवतात. चौरस मीटरला ५ किलोची ती शीट ऑफिस-स्टुडिओच्या साउंडप्रूफिंगवाल्यांकडे मिळते आणि काम चांगलं करते. जीपसाठी मात्र ४ मिमीची साधी भरीव रबर शीटच बरी. वजन तितकंच किंवा थोडं जास्तच, पाण्याचा पाइप मारून धुता येते, आणि वेगळी मॅट लागत नाही. फक्त जुन्या टायरच्या चुऱ्यापासून केलेली घेऊ नका. बंद गाडीत उन्हात तिचा वास डोकं उठवतो.

सगळं मिळून गाडीचं वजन तीसेक किलोने वाढतं.

उघडणं आणि गंज

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीट, मॅट, टनेलचं झाकण, गियर लिव्हरचे बूट (त्याच्या बुडाची रबरी आवरणं) काढा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठी टाकून ठेवा. सीटबेल्टचे बोल्ट इतरांत मिसळू देऊ नका; ते जास्त ताकदीचे असतात, त्यांच्या जागी साधे लावायचे नसतात.

आता पत्रा दिसतो, आणि बहुतेकदा मन खट्टू होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत घुसलं तर इन्सुलेशनचं काम थांबवा आणि वेल्डरकडे जा. वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. नुसतं रेड ऑक्साइड मारून वर शीट चिकटवली तर त्यातून ओल झिरपते. फ्लोअरमधली पाणी जायची भोकं आणि त्यांची रबरी बुचं शोधून त्याभोवती खडूने गोल काढून ठेवा. ती झाकायची नाहीत. हे काम पावसाळ्यात काढू नका, कोरड्या हवेतच करा. दमट पत्र्यावर चिकटवलेली शीट कडेने सुटते आणि आतली ओल आतच राहते.

भोकं: कंटाळवाणं, पण सगळ्यांत मोलाचं

फायरवॉल अर्धा चौरस मीटर धरा. तिचा शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर बाकीचे नव्व्याण्णव भाग कितीही जाड केले तरी वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. हा एक टक्का म्हणजे किती? पन्नास चौरस सेंटीमीटर, सात बाय सातचा चौकोन. जुन्या वायरिंगची रिकामी भोकं, स्टीअरिंग कॉलमभोवतीची फट, कधीकाळी लावलेल्या हीटरची भोकं आणि फाटलेला बूट यांची बेरीज केली तर ती सहज याच्या पुढे जाते. याच भोकांतून इंजिनाची गरम हवाही आत येते. नुसती भोकं बुजवून गाडी एकदा चालवून बघा, पुढचा अर्धा खर्च करावासा वाटेल की नाही ते तिथेच कळेल.

शोधायचं कसं? रात्री बोनेट उघडून आत आणि गाडीखाली झगझगीत दिवा ठेवा, आतले सगळे दिवे बंद करून फ्लोअरवर वाकून बसा. जिथून उजेड दिसेल तिथे खूण करा. दिव्याला न दिसणारी वळणावळणाची फट अगरबत्तीने सापडते: इंजिन चालू, पंखा जोरात फिरत असताना धूर कुठे थरथरतो किंवा मागे ढकलला जातो ते बघायचं. काही जुन्या जीपांत इंधनाची टाकी चालकाच्या सीटखाली असते. अशा गाडीत, किंवा इंधनाचा जरासा जरी वास येत असेल तर, अगरबत्ती पेटवू नका.

गोल भोकाला रबरी ग्रोमेट. वायरी जातात तिथे ग्रोमेटला काप देऊन बसवा आणि कडेला सिलिकॉन. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं पत्र्याला गंज चढवतं. मोठ्या रिकाम्या भोकावर पत्र्याचं ठिगळ, चार स्क्रू, खाली सिलिकॉन. फवाऱ्याचा फुगणारा फोम इथे मारू नका. तो पाणी धरतो, आणि पुढे वायर ओढायची वेळ आली की खरवडून काढताना जीव जातो.

गियर आणि ट्रान्सफर लिव्हरचं भोक हे या गाड्यांचं खरं दुखणं. लिव्हर सगळ्या बाजूंना हलायला हवा म्हणून पत्रा ऐसपैस कापलेला असतो आणि वर एकच पातळ बूट. बूट फाटला असेल तर नवा घ्याच, पण त्याच्या खाली आणखी एक पडदा द्या: ३ मिमी निओप्रीन शीटचा तुकडा, मध्ये लिव्हरच्या जाडीपेक्षा थोडं लहान भोक आणि चार बाजूंना छोटे काप. बुटाच्या रिंगखालीच तो दाबून बसतो. बसवल्यावर सगळे गियर आणि फोर-व्हील लो घालून बघा. पडदा ताणला जाऊन लिव्हर मागे ओढत असेल तर गियर चालताना सुटेल.

ब्यूटाइल

पत्रा आधी साबणपाण्याने, मग थिनरने आणि शेवटी अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. फडकं पांढरं राहीपर्यंत. ग्रीसचा नुसता हात लागलेल्या जागीही शीट सुटते.

पत्रा बोटाच्या पेराने वाजवा. टण्ण वाजला तिथे शीट हवी. ठप्प वाजला तिथे नको. संपूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. सपाट पत्र्याच्या मधल्या भागात एक तृतीयांश ते निम्मा भाग झाकला तरी थरथर मरते, उरलेल्यावर घातलेला पैसा वजनात जातो. रिब (उठावाच्या रेघा) असलेला पत्रा मुळात ताठ असतो, तिथे हात आखडता घ्या. पायाजवळचा फायरवॉलचा खालचा भाग आणि टनेल मात्र जवळपास पूर्ण करा.

मोठी शीट एकदम लावायला जाऊ नका, वहीच्या पानाएवढे तुकडे करा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसतो का बघा. कागद अर्धाच सोला, एका कडेने चिकटवत जा, मग उरलेला ओढा. एकदा बसली की उचलता येत नाही. उचललीच तर फॉइल हातात येतं आणि काळा चिकटा पत्र्यावर राहतो. मग रोलर. फॉइलवर उठावाची चौकटी नक्षी असते, ती पूर्ण सपाट होईपर्यंत जोर द्या. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. फुगा आलाच तर कटरने टोचून दाबा. डिसेंबरच्या सकाळी पत्रा गार असेल तर हीट गनने हाताला कोमट लागेल इतपत तापवा. मे महिन्यात उलट, सावलीत आणि सकाळीच काम करा. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे घातल्याशिवाय रोलर धरू नका.

टनेलचं झाकण गाडीबाहेर काढून वेगळं मढवा, आणि त्याचा जोड कुठेही शीटने झाकू नका. गियरबॉक्सचं काम निघालं की मिस्त्री ते झाकण उघडणारच, आणि त्याच्यापुढे अखंड शीट आली तर तो ती पान्याने फाडून मोकळा होईल. खडूच्या नकाशावर ज्या जागी ८० अंशांच्या वर आकडा आहे, तिथे ब्यूटाइल आत्ता लावू नका. आधी खालचं काम.

खालची धग

पाइप आणि फ्लोअर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा ०.८ मिमी पत्रा लावायचा, फ्लोअरपासून १५ ते २० मिमी खाली, स्टीलचे स्क्रू आणि नळीचे स्पेसर घालून. कमाल त्या फटीची आहे. चकाकी धग परत फेकते आणि फटीतून वाहणारी हवा उरलेली उष्णता घेऊन जाते. तोच पत्रा फ्लोअरला चिकटवून लावला तर अॅल्युमिनियम उष्णता सरळ वर पोचवतो, शील्डचा उपयोग शून्य. फॉइलचा बबल-रॅप दोन थरांत दाबून टाकणाऱ्यांची हीच चूक होते.

भोक पाडण्याआधी वर काय आहे आणि शेजारून ब्रेकचा किंवा डिझेलचा पाइप जातो का, हे दोनदा बघा. शील्डची पुढची कड किंचितही खाली वळवू नका, नाहीतर ती चिखल उचलणारं फावडं होते. आणि माळरानावर गाडी नेत असाल तर परतल्यावर शील्डच्या वर हात घालून वाळलेलं गवत काढा. तापलेल्या पाइपाशेजारी अडकलेला कुसळीचा झुबका आग लावतो.

पाइपाला फायबरची पट्टी गुंडाळणं हा दुसरा मार्ग. धग लगेच कमी होते, पण ओढ्यातून गेल्यावर पट्टी पाणी धरते आणि साधा लोखंडी पाइप तिच्याखाली गंजतो. कोरड्या भागात चालेल, पाण्यात उतरणाऱ्या गाडीला नको. गाडीखाली फोम तर अजिबात चिकटवू नका. बाजारात 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून जे अंडरबॉडी मारतात ते गंजासाठी आणि खड्यांच्या टकटकीसाठी ठीक, धगीसाठी नाही.

शील्ड लावून पुन्हा पाऊण तास फिरवा, तेच आकडे पुन्हा घ्या. आता उरलेल्या जागी ब्यूटाइल.

फोम, रबर आणि परत जोडणी

फोमचे तुकडे पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापा: चालकाचा फ्लोअर, शेजारचा, टनेल, मागचा. फ्लोअरवर ते नुसते ठेवा, गोंद नको. फायरवॉलच्या उभ्या भागावर मात्र सिंथेटिक रबरचा गोंद दोन्ही बाजूंना लावून, दहा मिनिटं सुकवून, मग दाबा. त्या वेळी दारं उघडी, विडी-सिगारेट लांब.

त्यावर रबर शीट. जोड फोमच्या जोडावर येऊ देऊ नका, आणि दोन तुकडे ५ सेंमी एकमेकांवर चढू द्या. शीट शक्य तितकी मोठी आणि फायरवॉलवर वीतभर वर चढलेली हवी.

सीटच्या पायांखाली आणि बेल्टच्या बोल्टखाली फोम किंवा रबर येता कामा नये. तिथे भोक कापून लोखंडाला लोखंड भिडू द्या. फोमवर कसलेला बोल्ट फोम बसत गेला की ढिला होतो, आणि सीट नेमकी ब्रेक मारताना हलते.

पेडलजवळ ६ मिमीचाच फोम. सगळं बसल्यावर क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बघा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर त्याच्या मागे अंगठा जाईल एवढी जागा उरली पाहिजे, आणि रबराची कड कुठेही पेडलखाली सरकता कामा नये. क्लच शेवटची बोटभर चाल गमावत असेल तर गियर करकरतात आणि दोष गियरबॉक्सला जातो.

पत्र्याची दारं लावलेली असतील तर बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध ब्यूटाइलचे दोन तुकडे पुरतात. दार धप्प बंद व्हायला लागतं. दाराच्या तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. हार्डटॉप असेल तर आतून १० मिमी फोम गोंदाने चिकटवा, दुपारच्या उन्हात सगळ्यांत जास्त फरक तिथेच पडतो. फायबरच्या टपाला ब्यूटाइलची फारशी गरज नसते. बोनेटखाली फोम लावण्याचा सोस बहुतेकांना असतो. केबिनमध्ये त्याचा फायदा नाममात्र, बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला थोडा जास्त.

पाचशे किलोमीटर झाले की सीटचे, बेल्टचे आणि हीट शील्डचे बोल्ट पुन्हा कसा, लिव्हरचे बूट जागेवर आहेत का ते बघा. पुढे पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि पाणी ओलांडून आलात तर त्याच दिवशी, चारही कोपऱ्यांचं रबर उचलून खाली हात फिरवा. ओल लागली तर फोमचे तुकडे बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवा, फ्लोअरची बुचं काढा आणि गाडी रात्रभर तशीच उघडी राहू द्या.